भरतीची साइट चालवायची तर इनोरीडर प्रो घ्यावं का?

नोकरभरतीच्या जाहिराती एका जागी लावणाऱ्या मराठी साइट्स वरून फार सोप्या वाटतात. जाहिरात सरकारची, पीडीएफ सरकारची, अर्जाची लिंकही सरकारचीच. आपण फक्त शोधून मांडायचं. पण त्या शोधण्यात ३६ जिल्ह्यांची संकेतस्थळं येतात, शिवाय जिल्हा परिषदा, महापालिका, विद्यापीठं, एमपीएससी, रेल्वे, बँका. कुठे कधी काय चढेल याचा नेम नाही. ही राखण इनोरीडरवर सोपवता येते का, एवढंच इथे तपासलं आहे. मत आधीच सांगून टाकतो: गोळा करायला उत्तम, पण आलेलं जसंच्या तसं छापलंत तर साइट बसेल.

इनोरीडर हे बल्गेरियातल्या कंपनीचं फीड वाचायचं साधन. फीड म्हणजे एखाद्या साइटवर नवं काय चढलं याची आपोआप मिळणारी यादी. १ जुलै २०१३ ला गूगलचं असंच साधन, गूगल रीडर, बंद झालं, त्याच वर्षी हे पुढे आलं. फुकट खात्यात १५० फीड जोडता येतात, पण या कामाला लागणारं जवळपास सगळं प्रो योजनेत आहे: नियम (अमुक शब्द आला की नोंदीला टॅग लावणं वगैरे), फिल्टर, फीड नसलेल्या पानांचं फीड बनवणं, दुबार नोंदी गाळणं आणि निवडलेल्या नोंदींचं स्वतंत्र फीड बाहेर काढणं. फुकट खातं हात बसवण्यापुरतं ठीक.

सरकारी पानांना फीड क्वचितच असतं, म्हणून ‘वेब फीड’, म्हणजे अशा पानाचं बनवलेलं फीड, हीच पैसे देण्याची खरी वस्तू. जिल्हा प्रशासनाच्या साइट्स बहुतेक एकाच साच्यातल्या असतात: सूचना, त्याखाली भरती, आणि तिथे शीर्षक, वर्णन, सुरुवात दिनांक, शेवट दिनांक, फाइल असा तक्ता. या भरतीच्या पानाचाच पत्ता द्यावा. मुखपृष्ठाचा दिला तर रक्तदान शिबिरापासून वाळूच्या लिलावापर्यंत सगळं येतं. सेव्ह करण्याआधी प्रिव्ह्यू नीट बघा. पीडीएफची लिंक फाइलच्या रकान्यात असल्यामुळे कित्येकदा नोंदीचं शीर्षक म्हणून नुसतं ‘पहा’ आणि फाइलचा आकार एवढंच येतं. असं फीड असून नसल्यासारखं, कारण नियम शीर्षकावर चालतात. फीडसाठी पानाचा कोणता भाग घ्यायचा ती निवड बदलूनही जमलं नाही, तर त्या पानापुरता पानातला बदल टिपण्याचा पर्याय लावा. तो काय बदललं एवढं तरी दाखवतो.

आता अडचणी. पहिली, तारीख. वेब फीडमधली तारीख ही इनोरीडरला नोंद दिसली ती असते, जाहिरातीची नव्हे. नवं पान जोडलं की सहा महिन्यांपूर्वीच्या मुदत संपलेल्या जाहिराती ‘आज’च्या म्हणून येऊन पडतात. जोडल्यावर पहिला गठ्ठा सरळ ‘वाचलेलं’ करून टाकावा. दुसरी अडचण जास्त चिवट: काही सरकारी साइट्स भारताबाहेरून उघडतच नाहीत, आणि इनोरीडरचे सर्व्हर बाहेर आहेत. आपल्या ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडतं आणि फीड मात्र आठवडाभर कोरडं, असं झालं की संशय इथे घ्यावा. अशी पानं वेगळी काढून डिस्टिलसारख्या ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनवर टाका. ते आपल्याच कनेक्शनवरून तपासतं, अर्थात संगणक आणि ब्राउझर चालू असेल तेव्हाच.

नियम लिहिताना मराठीचा जो घोळ होतो, त्याबद्दल इनोरीडरच्या मदत-पानांत काही सापडणार नाही. ‘भरती’ एवढा एक शब्द टाकला की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात जाहिरात ‘रिक्त पदे’, ‘सरळसेवा’, ‘कंत्राटी तत्त्वावर’, ‘थेट मुलाखत’ किंवा नुसती ‘पात्र उमेदवारांची यादी’ अशा नावाने येते. शेवटची तर आपल्याला नकोच असते, ती निकालाच्या टॅगमध्ये जायला हवी. दुरुस्तीच्या सूचनेचं आणखी वेगळं. शुद्धिपत्रक, शुद्धीपत्रक, शुध्दिपत्रक, शुध्दीपत्रक ही चारही रूपं कार्यालयांतून सर्रास बाहेर पडतात, चारही नियमात हवीत. मुदतवाढ सुटली तर एकवेळ चालेल, पण शुद्धिपत्रक सुटलं तर वाचक जुन्या जागा, जुनी वयोमर्यादा धरून अर्ज भरतो, आणि शिव्या आपल्याला बसतात.

याहून फसवा आहे तो ‘ऱ्य’. ‘कर्मचाऱ्यांची’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन मागे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणून असा शब्द नियमात घालूच नये. ‘कर्मचा’ एवढाच तुकडा द्यावा. ‘जि.प.’, ‘जि. प.’ आणि ‘जिल्हा परिषद’ यांचंही तसंच, तिन्ही टाका. टिंबानंतरची एक मोकळी जागासुद्धा नियम चुकवते.

टॅग तीन पुरेत: नवी जाहिरात, शुद्धिपत्रक-मुदतवाढ, निकाल-प्रवेशपत्र. दुसऱ्या टॅगवर फोनची सूचना चालू ठेवा, बाकीच्यांवर नको. ज्या पाच-दहा पानांवर मोठ्या भरत्या येतात तेवढ्यांनाच लवकर ताजं करण्याचा बूस्ट लावावा.

आपली साइट वर्डप्रेसवर असेल, तर टॅगचं फीड बाहेर काढून ते वर्डप्रेसच्या आरएसएस (फीड दाखवणाऱ्या) ब्लॉकने बाजूच्या पट्टीत दाखवता येतं. छान दिसतं, पण वर्डप्रेस असं फीड मुळात १२ तास कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं आणि तेवढा वेळ तेच दाखवतं. मुदतवाढीची सूचना सकाळी आली आणि पट्टीत रात्री उगवली, तर दोष इनोरीडरचा नाही. कॅशची मुदत ठरवणारा फिल्टर वर्डप्रेसमध्ये आहे; तिथली ४३,२०० सेकंदं १,८०० वर आणा. पहाटेसाठी वेळ लावलेल्या पोस्ट रखडत असतील तर त्याचं कारण वेगळं: वर्डप्रेसचं वेळापत्रक कुणी साइटवर आलं तरच हलतं. ते बंद करून होस्टिंगच्या क्रॉनने (सर्व्हरवरच्या वेळापत्रकाने) दर ५ मिनिटांनी हाक मारावी.

हेच फीड प्लगइनने आपोआप पोस्ट करण्याची सोयही मिळते. ती लावू नका. गूगलच्या प्रकाशक धोरणात दुसऱ्याचा मजकूर भाष्य, निवड किंवा काही भर न घालता लावलेल्या पानांवर जाहिराती देत नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. मार्च २०२४ पासून शोधातही घाऊक प्रमाणात पानं पाडणाऱ्या साइट्सवर वेगळं धोरण आहे. ॲडसेन्सच्या (गूगलच्या जाहिराती आपल्या साइटवर लावून पैसे देणाऱ्या सेवेच्या) अर्जाला ‘कमी मूल्याचा मजकूर’ हे उत्तर येतं ते बहुधा अशाच साइट्सना.

भर म्हणजे निबंध नव्हे. पीडीएफ उघडून पद, प्रवर्गनिहाय जागा, पात्रता, वय कोणत्या दिनांकाला मोजणार, शुल्क, शेवटची तारीख आणि मूळ फाइलची लिंक एवढं तक्त्यात हाताने भरा. हाताने म्हणायचं कारण असं, की बऱ्याच फाइल्स स्कॅन केलेल्या असतात. उरलेल्यांतल्या काही जुन्या फॉन्टमधल्या, तिथून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा चुरा हातात येतो. शुद्धिपत्रक आलं की त्याच पोस्टमध्ये वर तारखेसह दुरुस्ती घाला, नवी पोस्ट नको. नोकरीचा स्ट्रक्चर्ड डेटा (गूगलला पानावरची नोकरी ओळखता यावी म्हणून घातलेला कोड) लावत असाल तर मुदत संपलेली पदं काढलीच पाहिजेत, नाहीतर गूगलची कारवाई ओढवते. वर्तमानपत्राची बातमी मात्र उचलू नका. जागा आणि तारखा कुणाच्या मालकीच्या नसतात, बातमीदाराची वाक्यं असतात. साइटवर अशोकस्तंभही नको. २००५ च्या कायद्याने राजचिन्हाच्या गैरवापराला मनाई आहे, तरी हौशी मंडळी लोगोत तेच टाकतात.

खर्च निघतो का? समजा १,००० पेजव्ह्यूला ४० रुपये पडले, तर १०,००० व्ह्यूचे ४०० रुपये. ॲडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही. डॉलर ८५ रुपये धरला तर या दराने दोन लाखांहून जास्त व्ह्यू लागतात. त्याआधी १० डॉलर झाल्यावर पत्त्याच्या पडताळणीचा पिन टपालाने येतो, तेव्हा खात्यातला पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहा. सुरुवातीचे महिने प्रोची वर्गणी खिशातूनच जाणार. म्हणून आधी १५-२० पानं रोज हाताने तपासा, साइटवर वाचक येताहेत असं दिसलं की मग प्रो घ्या, तेही पहिल्यांदा महिन्याच्या हिशोबाने. एकाच जिल्ह्याची किंवा एकाच खात्याची साइट असेल तर प्रोची गरजच नाही. ब्राउझरचे बुकमार्क आणि रोजचा अर्धा तास पुरतो.

प्रो घेतल्यावर फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये महिन्यातून एकदा उतरवून ठेवत जा. त्या फाइलमध्ये नियम येत नाहीत, तेव्हा शब्दांची रूपं वेगळ्या शीटमध्ये लिहून ठेवा. शुद्धिपत्रकाचं पाचवं रूप कुठून तरी निघतंच.