विकत आणलेली रोपं: ट्रेमध्येच सांभाळावीत की पिशवीत?

शिवरात्रीच्या मागेपुढे मिरची-टोमॅटोची रोपं घरी यावीत आणि नेमकी तेव्हाच जमीन मोकळी नसावी, हे आपल्याकडे नेहमीचंच. बेळगावच्या येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या शिवारात भातामागं मसूर नाहीतर हरभरा उभा असतो. सुगी आटोपेपर्यंत रोपं कशात तरी वाढवावी लागतात. आणली तशी ट्रेमध्येच ठेवायची, की काळ्या पिशव्यांत भरायची? मी दोन्ही करून पाहिलंय.

ट्रेची सोय मोठी. शंभरेक रोपं एका बाकड्यावर मावतात, ऊन चढलं की उचलून पडवीत नेता येतात. माती नसल्यामुळं मर रोगाची भीती कमी, आणि लावताना रोप मुळांच्या गड्ड्यासकट अलगद निघतं. चार-पाच दिवसांचाच प्रश्न असेल, तर खुशाल ट्रेमध्येच राहू द्या.

त्याहून जास्त दिवस काढायचे असतील, तर ट्रेमध्ये मातीऐवजी भरलेल्या कोकोपीटशी, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाशी, गाठ पडते. ते एकदा पुरतं वाळलं की सहजासहजी पाणी धरत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी ऊन चटका देतं, वर कोरडा वारा. सकाळी झारीनं भिजवलेला ट्रे दुपारी उचलला की पिसासारखा हलका लागतो. पुन्हा पाणी घातलं तर ते कडेकडेनं घसरून खालच्या भोकातून निघून जातं. वरून सगळं ओलं दिसतं, पण एखादं रोप उपसून गड्डा बोटांनी फोडावा, तर मधला भुसा कोरडा ठणठणीत. रोपानं मान टाकलेली असते आणि घरचे सांगतात, पाणी तर घातलं होतं! ट्रे इंचभर पाण्यात ठेवून खालून भिजू दिला की निभावतं. पण ते रोज कोण बघणार? लग्नसराईचे दिवस, सकाळी खानापूरला जायचं तर संध्याकाळशिवाय परत येणं नाही. मला पिशवीकडं वळवलं ते या एका कटकटीनं.

पिशवीत काम जास्त, यात वाद नाही. माती कालवा, भरा, आणि भरलेल्या पिशव्या उचलायच्या म्हणजे कंबर बोलते. नुसती काळी माती घेऊ नका. वाळली की तडकते आणि कोवळी मुळं तुटतात. मी लाल माती दोन वाटे, चांगलं कुजलेलं शेणखत एक वाटा आणि थोडं कोकोपीट घेतो. ४×६ इंचाची पिशवी पुरते, खाली भोकं हवीतच. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत मातीत दाबलं तरी चालतं, खोडालाही मुळं फुटतात. मिरची मात्र होती तेवढ्याच उंचीवर लावावी.

सकाळी दिलेलं पाणी अशा पिशवीत दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतं. शेणखतामुळं रोप पिवळंही पडत नाही. कोकोपीटमध्ये स्वतःचा कस फारसा नसतो, म्हणून ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेल्या रोपांना १९:१९:१९ हे विरघळणारं खत पाण्यातून द्यावं लागतं. माझ्या पाहण्यात पिशवीतली मिरची खोडानं जाड निघते आणि एप्रिलच्या वळवातही उभी राहते. तुमच्याकडे घरात दिवसभर माणूस असेल, तर कदाचित एवढा फरक जाणवणार नाही.

एकरभर लावण करणाऱ्याला पिशव्या परवडणार नाहीत. त्यानं सुगीचा अंदाज घेऊन नर्सरीत पेरणीच उशिरा करायला सांगावी. रोप तयार व्हायला टोमॅटोला साधारण तीन-चार आठवडे लागतात, मिरचीला पाच-सहा. परसातल्या पन्नास-साठ रोपांना मात्र मी पिशवीच सांगेन. काहीही निवडा, वरून बारीक जाळी घाला, नाहीतर फुलकिडे आणि पांढरी माशी कोवळ्या पानांतच बोकड्या, म्हणजे पानं मुरडण्याचा रोग, आणतात.

पिशवीत तीन आठवड्यांपलीकडे शक्यतो ठेवू नका, मुळं तळाशी गोल फिरू लागतात. लावायच्या दिवशी सकाळी पाणी द्या, म्हणजे गड्डा सुटत नाही, आणि उन्हं उतरल्यावर पिशवी ब्लेडनं उभी चिरा. रोप धरून ओढू नका.