बाटली, गल्ला की फलक: क्यूआर कोड किती मोठा छापावा?

महाद्वार रोडवरच्या गूळ-काकवीच्या दुकानाला क्यूआर कोड साधारणपणे तीन ठिकाणी लागतो: गल्ल्यावरच्या स्टँडीवर, दर्शनी फलकावर आणि काकवीच्या बाटलीवर. डीटीपीवाल्याला एकच फाईल देऊन ‘जागा उरेल तेवढा टाका’ असे सांगण्याचा रिवाज आहे. परंतु ग्राहकाचा मोबाइल किती लांब असेल, यावरून आकार ठरवणे अधिक रास्त ठरते. ढोबळ हिशेब असा, की अंतराच्या एक दशांश एवढी कोडाची बाजू हवी.

गल्ल्याचा प्रश्न सोपा आहे. ग्राहक अर्ध्या मीटरवर उभा असतो, म्हणून 5 सेंटिमीटर पुरतात. मागे उभ्या असलेल्यालाही पैसे भरता यावेत, यासाठी 10 घ्यावेत. फलकाचे गणित मात्र महागात पडते. रस्त्यापलीकडून, म्हणजे 5 मीटरवरून, कोड वाचला जावा असे वाटत असेल तर 50 सेंटिमीटर जागा द्यावी लागेल आणि दुकानाचे नावच आकसेल. माझ्या मते फलकाचा नाद सोडून दाराशेजारी डोळ्यांच्या उंचीवर 15 सेंटिमीटरचा कोड लावावा. तो दीड मीटरवरून वाचता येतो.

खरी पंचाईत बाटलीची आहे, कारण तिथे मोठा कोडच अडचणीत आणतो. 6 सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीवर 4 सेंटिमीटरचा कोड घेराच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापतो आणि त्याच्या कडा वळून आक्रसलेल्या दिसतात. 2.5 सेंटिमीटरचा कोड जेमतेम आठवा हिस्सा घेतो. मात्र तो लहान ठेवायचा तर आतला मजकूरही आटोपशीर हवा. पंचवीसेक अक्षरांचा संकेतस्थळाचा पत्ता 25 बाय 25 घरांत बसतो, त्यामुळे प्रत्येक घर बरोबर 1 मिलिमीटरचे होते. शंभरेक अक्षरांचा पैसे भरण्याचा कोड 41 बाय 41 घरांचा होतो आणि तेच घर 0.6 मिलिमीटरवर येते. म्हणून बाटलीवर पत्ता द्यावा, पैशांचा कोड गल्ल्यावरच ठेवावा. चारही बाजूंना चार घरांची कोरी कड सोडावी लागत असल्याने लेबलावर प्रत्यक्षात 3.3 सेंटिमीटर चौरस जागा राखावी.

पारदर्शक लेबल दिसायला देखणे असते, पण मागे काळसर काकवी आली की काळी घरे तिच्यात विरून जातात. तेव्हा कोडाखाली पांढरा थर छापून घ्यावा, आणि नमुन्याचे लेबल रिकाम्या नव्हे, तर भरलेल्या बाटलीवर चिकटवूनच तपासावे.