मिसळ भारी, एक्स्ट्राचा हिशोब काकांनाच माहीत

मिसळ एक नंबर आहे हे आधीच सांगतो. सदाशिव पेठेतलं छोटंसं हॉटेल, पुणेरी पद्धतीची मिसळ, म्हणजे खाली पोहे, बटाट्याची भाजी, मग मटकी, वर फरसाण. तिखट बेताचं, कोल्हापूरवाले नाक मुरडतील पण आपल्याला चालतं.

आता एक्स्ट्राचं ऐका. एक्स्ट्रा रस्सा फुकट, वाढपी दादा स्वतःच बादली घेऊन फिरतो, नको म्हटलं तरी ओततो, पण एक्स्ट्रा पावाचे पैसे, आणि कांदा दुसऱ्यांदा मागितला की काका असं बघतात जणू त्यांचा सातबाराच मागितला! एक्स्ट्रा तिखट म्हटलं की फक्त वरची तर्री वाढते, खाली तेच. एक्स्ट्रा शेव बोर्डावर आहे, ताटात कधी दिसली नाही. रविवारी एक्स्ट्रा खुर्ची टाकून तुमच्याच टेबलावर अनोळखी माणूस बसवतात, तयारी ठेवा.

बिलात मात्र 5 टक्के जीएसटी सोडून काही नाही, सर्व्हिस चार्ज तर नाहीच. मागे एका कॅफेत तो न विचारता लावला होता, मी काढायला लावला. 2022 च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या गाईडलाईन्स आल्यात की हॉटेलवाले तो आपोआप लावू शकत नाहीत, दिल्ली हायकोर्टानंही 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या, तेव्हा बिनधास्त नाही म्हणा.

ताक घ्याच. पार्किंग विसरा. चार स्टार, एक कांद्यापायी कापला.