एका छत्रीवर दोन टीव्ही: स्प्लिटर, ट्विन एलएनबी की मल्टिस्विच?

घरात दुसरा टीव्ही आला की पहिला प्रश्न गच्चीवरचा असतो: आहे त्याच छत्रीवरून तो चालेल का? चालतो. पण जोडायचा कसा, याची उत्तरं दुकानागणिक वेगळी मिळतात आणि सगळ्यात स्वस्त उत्तर सगळ्यात आधी हातात पडतं. आमच्याकडे तेच झालं. तळमजल्यावर आई-बाबा, वर दादा-वहिनी, दोन्हीकडे एकाच कंपनीचे बॉक्स. जोडायला आलेल्या माणसाने गच्चीवर एका केबलच्या दोन करणारा छोटा स्प्लिटर बसवला, दोन्ही टीव्ही लावून दाखवले आणि गेला. रात्री वहिनीने चॅनेल बदलला आणि खाली आईच्या बातम्या गेल्या. दोन दिवस आम्ही डिश इकडे-तिकडे हलवत बसलो. डिशचा काहीच दोष नव्हता.

एका केबलमध्ये किती मावतं

उपग्रहावरून येणाऱ्या लहरी दोन ध्रुवणांच्या असतात, उभ्या आणि आडव्या. शिवाय वारंवारितेचे दोन पट्टे, 11.7 गिगाहर्ट्झच्या खालचा आणि वरचा. असे एकूण चार भाग. डिशच्या दांड्यावरचं, लहरी पकडणारं डोकं म्हणजे एलएनबी. साधा एलएनबी एका वेळी यांतला एकच भाग केबलमधून खाली पाठवतो. कोणता, ते बॉक्स ठरवतो. त्याच केबलमधून बॉक्स वर वीज पाठवत असतो: उभं ध्रुवण हवं तर 13 व्होल्ट, आडवं हवं तर 18. वरचा पट्टा हवा असेल तर जोडीला 22 किलोहर्ट्झचा संकेत.

आता एका केबलवर दोन बॉक्स आले. आईचा चॅनेल 13 व्होल्ट मागतो, वहिनीचा 18. दोन्ही तोंडांतून वीज जाऊ देणारा स्प्लिटर असेल तर जास्तीचे व्होल्ट जिंकतात, एलएनबी आडव्याकडे वळतो आणि खालचा टीव्ही ‘नो सिग्नल’ दाखवतो. एकाच तोंडातून वीज जाऊ देणारा स्प्लिटर असेल तर त्या एका बॉक्सचीच मर्जी चालते, आणि तो भिंतीवरच्या बटणावरून बंद केला की दुसरा टीव्हीही गेला.

स्प्लिटरने सिग्नल अर्धा होतो म्हणून चित्र फुटतं, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धा होतो हे खरं, साधारण साडेतीन-चार डेसिबल कमी होतात. पण एलएनबीने तो आधीच 50 डेसिबलच्या आसपास वाढवलेला असतो, त्यामुळे केबल फार लांब नसली तर ही घट पचून जाते. मेनूत ‘स्ट्रेंग्थ’चा पट्टा थोडा उतरतो, ‘क्वालिटी’ जवळपास तिथेच राहते. खरं भांडण व्होल्टचं आहे, आणि ते महागातल्या स्प्लिटरनेही मिटत नाही.

मग स्प्लिटर कुणी घ्यावा

दोन्ही बॉक्स कायम एकाच ध्रुवणावर आणि एकाच पट्ट्यात राहणार असतील तरच. याचं घरोघरी दिसणारं उदाहरण म्हणजे डीडी फ्री डिश. बॉक्सच्या मेनूत ट्रान्सपाँडरची, म्हणजे उपग्रह ज्या वारंवारितांवर चॅनेल पाठवतो त्यांची, यादी उघडा. 11090, 11170, 11470 अशा आकड्यांपुढे ‘व्ही’ दिसेल, म्हणजे उभं ध्रुवण. तुम्ही पाहता ते सगळे चॅनेल ‘व्ही’चेच असतील आणि आकडे 11700 मेगाहर्ट्झच्या खालचे, म्हणजे खालच्या पट्ट्यातले असतील, तर दोन्ही बॉक्स एकच गोष्ट मागतात आणि स्प्लिटर निमूटपणे काम करतो. यादीत एक जरी ‘एच’ असला आणि तो चॅनेल घरात कुणाला हवा असेल, तर विचार सोडून द्या.

घेताना स्प्लिटरवरचे आकडे वाचा. केबल टीव्हीचा 5 ते 1000 मेगाहर्ट्झचा स्प्लिटर इथे कामाचा नाही. एलएनबीतून केबलमध्ये उतरणारा सिग्नल 950 पासून 2150 मेगाहर्ट्झपर्यंत असतो, म्हणून वरचा आकडा 2150 च्या पुढचा हवा आणि वीज आरपार जाणारा हवा. डायसेक स्विच तसाच दिसतो, पण त्याचं काम नेमकं उलटं: अनेक एलएनबी एका बॉक्सला जोडणं. दुकानात हे दोन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात.

ट्विन एलएनबी: दोन-चार टीव्हीसाठी माझं मत इकडे

ट्विन एलएनबीला दोन तोंडं असतात आणि दोन्ही स्वतंत्र. एका तोंडावर 13 व्होल्ट आणि दुसऱ्यावर 18 आले तरी एकमेकांना कळतसुद्धा नाही. डिश तीच, दांडा तोच, फक्त पुढचं डोकं बदलायचं. तीन-चार टीव्ही असतील तर क्वाड, आठांपर्यंत ऑक्टो.

त्याची किंमत खरं तर केबलमध्ये आहे. प्रत्येक बॉक्सला डिशपासून स्वतःची अखंड केबल लागते. एलएनबी काही शे रुपयांचा, पण दुसरी केबल गच्चीवरून खाली आणायची म्हणजे भिंतीला भोक, क्लिपा आणि कामाची अख्खी दुपार. म्हणूनच लोक स्प्लिटरकडे वळतात. घर बांधत असाल किंवा रंगकाम काढलं असेल तर आजच पाइपातून दोन केबली ओढून ठेवा, दुसरा टीव्ही नसला तरी.

एक सावधगिरी. क्वाड आणि क्वाट्रो या नावांत फसू नका. क्वाट्रोलाही चारच तोंडं असतात, पण प्रत्येकातून ठरलेला एकेक भाग येतो, बॉक्सच्या सांगण्याने तो बदलत नाही. क्वाट्रो थेट बॉक्सला जोडला तर काही चॅनेल कायमचे गायब राहतात. तसंच, कंपनीने दिलेला एलएनबी काढण्याआधी त्यावरचे आकडे पाहून घ्या. युनिव्हर्सल एलएनबीवर 9.75 आणि 10.6 असं लिहिलेलं असतं. वेगळं काही दिसलं तर कंपनीच्याच माणसाकडून बदलून घ्या.

मल्टिस्विच कधी

क्वाट्रोची जागा इथे आहे. त्याच्या चार केबली मल्टिस्विचला येतात आणि तिथून आठ, सोळा घरांना एकेक केबल जाते. प्रत्येकाला चारही भाग मिळतात. गच्चीवर वीस छत्र्या गंजत उभ्या असलेल्या सोसायटीने हा विचार जरूर करावा. दोन टीव्हींसाठी मात्र हा खटाटोप करू नये. युनिकेबल नावाची पद्धतही आहे, तिच्यात एकाच केबलवर प्रत्येक बॉक्सला स्वतःची वारंवारिता मिळते. कल्पना फार चांगली, पण बॉक्सच्या मेनूत तिची सोय असावी लागते. नसेल तर पैसे घालू नका.

दोन्ही टीव्हींवर एकच कार्यक्रम चालणार असेल तर यातलं काहीच नको. बॉक्सच्या पुढे एचडीएमआय स्प्लिटर लावा.

छत्री एक, पण उपग्रह?

वेगळ्या कंपनीचा बॉक्स त्याच छत्रीला जोडायचा असेल तर आधी दिशा जुळते का पाहा. फ्री डिश आणि सन डायरेक्ट दोन्ही 93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहावर आहेत, म्हणून एकाच डिशवरच्या ट्विन एलएनबीने दोघांचं भागतं. टाटा प्ले 83 अंशांवर, एअरटेल 108.2 वर. यांच्यासाठी दुसरी डिश लावणं सोपं.

पेड डीटीएचमध्ये दुसऱ्या बॉक्सची वर्गणीही वेगळी भरावी लागते. 2020 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दुसऱ्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या 40 टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं होतं. 2024 पासून या शुल्कावरची मर्यादा उठली आहे. म्हणून दुसरा बॉक्स मागवण्याआधी महिन्याचा पूर्ण आकडा विचारा. फ्री डिशला मासिक शुल्कच नाही.

आम्ही शेवटी ट्विन लावला आणि दुसरी केबल जिन्याच्या खिडकीतून उतरवली. काढलेला स्प्लिटर उघडून पाहिला तर आत हिरवट गंज होता. एकाच पावसाळ्यात पाणी शिरलं होतं. जोड गच्चीवर उघडा ठेवू नका. एलएनबीच्या तोंडांवर रबरी टोपी चढवा, जोडाच्या अलीकडे केबलला खाली लोंबणारा झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं, आणि न वापरलेलं तोंडही झाकून टाका.