गुडघेदुखीचा वर्ग: पैसे वसूल, पण तो जिना!

रत्नागिरीत एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये सांधेदुखीवाल्यांसाठी वर्ग भरतो. दुखण्यासकट घरचं कसं निभवायचं ते शिकवतात. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, दोन तास. फी ५०० रुपये. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खरे दुखणेकरी कोण ते बहुधा जिन्यावरच तपासून घेत असावेत. एक तारा तिथेच कापला.

बाकी वर्ग उत्तम. शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट ताई आणि एक निवृत्त एसटी कंडक्टर. कंडक्टरांचेही दोन्ही गुडघे झिजलेले. पद्धत मूळची अमेरिकेतली. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या नर्सबाईंनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती उभी केली. शिकवायला डॉक्टरच हवा असं नाही, दुखणं सोसलेला माणूसही शिकवू शकतो, हेही तिथलंच. १९९३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात वर्ग केलेल्यांचं दुखणं चार वर्षांनंतरही सरासरी २० टक्क्यांनी कमी होतं आणि डॉक्टरकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी घटल्या होत्या. हे कंडक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मला ते २० टक्के आवडले. ‘महिन्याभरात धावायला लागाल’ म्हणणाऱ्या तेलांच्या जाहिराती काय कमी आहेत?

वर्गाचा जीव आहे तो दर आठवड्याच्या बेतात. पुढच्या आठवड्यात काय करणार ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. मी म्हटलं, थोडंफार चालेन. कंडक्टर म्हणाले, “अहो वहिनी, ‘थोडंफार’चं तिकीट कुठलं फाडू? कुठून कुठपर्यंत ते बोला.” मग सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळचा चहा झाला की देवळापर्यंत जाऊन परत, असं ठरलं. “दहापैकी किती खात्री?” मी म्हटलं, पाच. “मग अर्ध्या वाटेवरनं परत फिरा. सात तरी यायला हवेत.” पुढच्या वेळी जमलं की नाही ते सांगायचं. न जमलेल्याला कोणी बोलत नाही. अडलं कुठे ते विचारतात, आणि तोडगे वर्गातलीच माणसं सुचवतात. व्यायामानंतर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा वाढलेलं असेल तर पुढच्या खेपेला थोडं कमी करायचं, बंद नाही करायचं.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आमच्याकडे घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट आहे, त्यामुळे माझे ५०० रुपये एवढ्यातच फिटले. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्याच हातात धरणारे वर्गात बरेच निघाले.

कामं सोडा असं कोणी सांगत नाही, कामाची बैठक बदला म्हणतात. आंब्याच्या दिवसांत अढी परतायची म्हणजे तासन्‌तास उकिडवं बसणं आलं. आता क्रेट टेबलावर घेते, उभ्याने किंवा खुर्चीत बसून आंबे निवडते, आणि मध्येच उठून ओटीवर फेरी मारते. घरचे म्हणतात, सुपरवायझर झालीस! टेबलाला आवळायची, हँडल फिरवायची खवणी मला मानवली, पण आमवाताने (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसने) बोटं सुजलेल्या एका ताईंना ते हँडलच सोसेना. त्यांना खोवलेला नारळ विकत आणायला सांगितलं. कोकणात हे सांगायला छाती लागते.

हा वर्ग औषधाच्या ऐवजी नाही, हे दर वेळी बजावतात, ते बरं करतात. झिजेचा संधिवात वेगळा, आमवात वेगळा. आमवातावर वेळेत उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात होतं. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी दुकानातून मनाने पेनकिलर आणू नयेत, हेही सांगितलं. तेलमालिशीला कोणी हसत नाहीत. सांधा लाल, गरम असेल तेव्हा चोळू नका एवढंच.

आहाराचा कागद मात्र कुठून तरी उतरवलेला. त्यात सॅमन खा असं लिहिलंय. दारात बांगडा-तारली येत असताना सॅमन आणायचा कुठून? मी विचारल्यावर ताईंनी पेनने खोडून ‘बांगडा’ लिहिलं, पण तेवढ्या एका प्रतीवर. वजनाचा भाग घाईत उरकला, खरं तर तोच सविस्तर हवा होता: एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. शेवटच्या शवासनात बासरी लावतात, आणि निम्मा वर्ग घोरतो.

पुढची तुकडी गणपती गेल्यावर आहे, म्हणजे शेवटचे वर्ग भातकापणीत येणार. शेती असलेल्यांनी दिवाळीनंतरची धरावी. जिना अजिबात चढवत नसेल तर आधी फोन करा. चारजण जमले तर खालच्या व्हरांड्यात घेऊ, असं ताई म्हणाल्या आहेत.