‘मला राग आला’ यातला ‘मला’: मार्गदर्शित आत्मशोधाचे नऊ महिने

शरीर, विचार आणि अनुभव यांच्याहून वेगळा, त्यांचा मालक असलेला ‘मी’ खरोखर कुठे आहे का, हे वाचून किंवा मानून नव्हे तर प्रत्यक्ष पाहून ठरवायचे, आणि या पाहण्यात एक अनुभवी व्यक्ती फक्त प्रश्न विचारत सोबत राहणार, अशी ही पद्धत आहे. मी ती नऊ महिन्यांपूर्वी सुरू केली. पहिले 11 आठवडे मार्गदर्शकाशी जवळजवळ रोज लेखी संवाद झाला आणि त्यानंतरचे महिने मी एकटीने तेच पाहणे चालू ठेवले आहे. सुरुवातीच्या भारावलेल्या दिवसांत लिहिले असते तर हे लेखन बरेच वेगळे झाले असते, म्हणून मुद्दाम थांबले.

नियम मोजकेच होते. दिवसातून एकदा तरी उत्तर लिहायचे, या काळात अध्यात्मावरचे अन्य वाचन बाजूला ठेवायचे, आणि उत्तरात आत्ता जे दिसते तेवढेच लिहायचे. पहिले दोन नियम सोपे गेले. तिसऱ्याने पंधरा दिवस घेतले. ‘मी म्हणजे काय, ते दाखवा’ या पहिल्याच प्रश्नाला मी साक्षी, चैतन्य, द्रष्टा असे शब्द वापरून दीड पानाचे उत्तर पाठवले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. त्यावर एका ओळीचे उत्तर आले: “हे तुम्ही पाहिलंत, की ऐकलं आहे?” ज्या भाषेत देहबुद्धी, अहंकार आणि रज्जुसर्पाचा (अंधारात दोरीलाच साप समजण्याचा) दृष्टान्त लहानपणापासून कानावर पडलेले असतात, तिच्यात वाढलेल्या माणसाची ही खास अडचण आहे. उत्तर आधीच पाठ असते, त्यामुळे गणित सोडवायची वेळच येत नाही. ज्याने या विषयावर एक अक्षरही वाचलेले नाही, त्याचे हे पंधरा दिवस वाचतील असे मला वाटते.

सराव दिसायला इतके साधे असतात की सुरुवातीला थोडी फसवणूक झाल्यासारखे वाटते. दोन्ही हात टेबलावर ठेवून कोणताही एक हात उचलायचा आणि ‘हा हात’ हे नेमके कुठे ठरले ते पाहायचे. मी हे पहिल्या दिवशी तीस-चाळीस वेळा केले असेल. उजवा उचलीन असे मनात येई आणि डावा उचलला जाई. काही वेळा मनात काहीच येत नसे आणि हात वर गेलेला असे. काही वेळा ‘उजवा’ हा विचार येई आणि उजवाच उचलला जाई, पण मग तो ‘उजवा’ हा विचार कुणी निवडला, हे पाहायला गेले की तिथे निवडणारे कुणी सापडत नसे. विचार आलेला असे, इतकेच. दुसऱ्या सरावात दहा मिनिटे जे जाणवेल ते ‘मी’ घालून लिहायचे आणि पुढची दहा मिनिटे तेच ‘मी’ वगळून लिहायचे. ‘मी खुर्चीवर बसले आहे, मला पंख्याचा आवाज ऐकू येतो आहे, माझा पाय अवघडला आहे’ आणि त्यानंतर ‘बसणे, पंख्याचा आवाज, पायात मुंग्या’. दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले जाते की दुसऱ्या कागदावर प्रत्यक्ष अनुभवातले काय गळले. माझ्या कागदावर काहीच गळलेले नव्हते. पहिल्या कागदावर एक शब्द जास्त होता आणि त्या शब्दाबरोबर खांद्यांत किंचित ताणही होता, हे मात्र लिहिताना स्पष्ट जाणवले.

मराठीत हा शोध करण्याची एक गंमत आहे आणि माझ्या मते तीच माझ्या सगळ्या अनुभवाचा गाभा ठरली. मार्गदर्शकाचे बरेचसे प्रश्न ‘कर्ता कुठे आहे’ या रोखाने येत. आपल्या भाषेत कर्ता आधीच बराच मागे सरकलेला असतो. आपण राग ‘करतो’ असे क्वचितच म्हणतो. आपल्याला राग येतो, भूक लागते, झोप येते, आठवण होते, भीती वाटते. कप आपण फोडत नाही, तो आपल्या हातून फुटतो. नको ते शब्द आपल्या तोंडून निघून जातात. आणि थकलो की आपल्याच्याने उठवत नाही. ‘मी पत्र लिहिले’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ या वाक्यांत तर क्रियापदही माझी दखल घेत नाही, ते पत्राच्या आणि चिठ्ठीच्या लिंगाप्रमाणे चालते. त्यामुळे विचार आपोआप येतात, त्यांना कुणी आणत नाही, हे पाहायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. तिसऱ्या आठवड्यातच मी ‘कर्ता सापडत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहू शकले, आणि काम संपले असे समजून बसले.

काम संपलेले नव्हते. राग येतो हे खरे, पण तो ‘मला’ येतो. कर्त्याची खुर्ची रिकामी झाली तरी शेजारी ‘मला’ नावाची दुसरी खुर्ची होती आणि सगळा संसार तिथे जाऊन बसला होता. जे जे येते ते कुणाकडे तरी येते, आणि ज्याच्याकडे येते तो मी, ही समजूत कर्तेपणाच्या समजुतीपेक्षा कितीतरी चिवट निघाली. भाषेने कर्ता सैल केला होता, पण हा घेणारा मात्र तिनेच घट्ट बांधून ठेवला होता. पुढचे सहा आठवडे आमचा सगळा संवाद या एकाच शब्दाभोवती फिरला, आणि मार्गदर्शकाची खरी उपयुक्तता मला इथे कळली, कारण एकटी असते तर तिसऱ्या आठवड्यातच मी समाधानाने उठून गेले असते.

त्या काळातली एक रात्र नीट आठवते. दीडच्या सुमारास जाग आली, नळ थेंबथेंब गळत होता आणि झोप उडाली होती, म्हणून अंधारात पडल्या पडल्या दिवसाचाच प्रश्न पाहायला घेतला: आवाज आहे, पण ऐकणारा कुठे आहे? थेंब पडे, टप्प असा आवाज होई. आवाज एकीकडे, त्याचे ऐकू येणे दुसरीकडे आणि ऐकणारा तिसरीकडे, अशी काही फट सापडते का हे मी पाहत होते. कानांच्या जवळ काही जाणवते का पाहिले, तर उशीचा स्पर्श जाणवला. डोक्याच्या आत, डोळ्यांच्या मागे कुणी बसले आहे अशी जी नेहमीची जाणीव असते ती पाहिली, तर कपाळात किंचित आवळल्यासारखे होत होते. पण ते आवळणेही आवाजासारखेच कळत होते, ते काही ऐकत नव्हते. मग लक्षात आले की ‘मी ऐकते आहे’ हा विचार दर थेंबाला येतच नाही. तो दोन थेंबांच्या मध्ये, पाच-सहा थेंबांनंतर एकदा येतो आणि मागच्या सगळ्या थेंबांवर आपले नाव टाकून जातो. ही गोष्ट मी याआधी वाचलेली नव्हती. काही वेळ फक्त टप्प, टप्प एवढेच होते. नंतर उठून नळाखाली फडके टाकले आणि झोपले.

हा शोध नवा नाही आणि कुणी तो नवा म्हणून सांगितल्यास सावध व्हावे. प्राचीन बौद्ध ग्रंथात मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथाचे उदाहरण देऊन हेच विचारले होते: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 मध्ये लिहिले की आपण आपल्या आत पाहायला जातो तेव्हा ऊब, थंडी, प्रेम, द्वेष अशी कुठली तरी संवेदनाच हाती लागते, स्वतः मात्र कधीच सापडत नाही. आणि दुसऱ्याच वर्षी जोडलेल्या पुरवणीत आपले हे विवेचन आपल्यालाच पुरते पटत नसल्याचीही कबुली दिली. ती कबुली मला जास्त जवळची वाटते. रमण महर्षींनी तर 1896 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मृत्यूची भीती दाटून आली तेव्हा प्रेतासारखे पडून राहून मरते ते कोण, हे एकट्यानेच पाहिले. मात्र त्यांच्या विचारणेचा शेवट आत्म्यात होतो, तर मी वापरलेल्या पद्धतीचा कल बौद्धांच्या अनात्म विचाराकडे, म्हणजे कायमचा आत्मा असा नाहीच या विचाराकडे, आहे. निसर्गदत्त महाराज (1897–1981) मराठीतूनच बोलत आणि ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा असे सांगत. इथे ती जाणीवही इतर जाणिवांच्या रांगेत उभी करून पाहायला सांगतात. हा फरक आधी कुणी समजावून दिला असता तर माझा बराच गोंधळ टळला असता.

मेंदूविज्ञानाचा आधार देण्याची या क्षेत्रात एक सवय आहे आणि ती मला फारशी रुचली नाही. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा 1983 चा प्रयोग माझ्या मार्गदर्शकानेही पुढे केला. त्यात हालचाल करावीशी वाटल्याची वेळ माणसाने सांगितली, त्याच्या सुमारे 350 मिलिसेकंद आधीच मेंदूतली तयारी नोंदवली गेली होती. पण 2012 मध्ये या तयारीचा वेगळा अर्थ मांडला गेला आहे. मेंदूत सतत होणाऱ्या चढउतारांच्या सरासरीतूनही तसाच आलेख दिसू शकतो. प्रश्न अजून वादाचा असताना त्याला पुरावा म्हणून पुढे करण्याची गरज नव्हती, आणि ‘आत्ता पाहा’ असे सांगणाऱ्या पद्धतीला तर अजिबातच नव्हती.

प्रत्यक्ष आयुष्यात काय बदलले, हे कुणीही आधी विचारेल. अखंड आनंद, शांती असे काही झालेले नाही. कामाच्या ठिकाणी माझ्या मेहनतीचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेले तेव्हा कान पूर्वीसारखेच तापले, छातीत पूर्वीसारखेच भरून आले. पण ‘माझ्यावर नेहमी असाच अन्याय होतो’ ही जी गोष्ट पूर्वी चार दिवस डोक्यात चाले, ती संध्याकाळपर्यंत विरली, कारण ज्याच्यावर हा अन्याय वर्षानुवर्षे साचला आहे असा कुणी शोधायला गेले की तापलेले कानच सापडत. स्वतःला दोष देण्याचा दुसरा थर बराच पातळ झाला आहे. त्याच वेळी एक जुनी अढी मात्र जशीच्या तशी आहे. तिच्यापुढे सगळे पाहणे थिटे पडते आणि ‘मला’ पूर्ण थाटात परत येतो.

चौथ्या महिन्यात एक गडबड झाली, ती माझी मीच केली. बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तिला फोन करायचे मी विसरले आणि दुसऱ्या दिवशी ‘घडले ते घडले, यात करणारे कुणी नव्हते’ अशा धर्तीचे काहीतरी बोलून गेले. ताई शांतपणे म्हणाली, “तू आहेस की नाहीस ते सावकाश ठरव. आधी फोन का केला नाहीस, ते सांग.” मला उत्तर देता आले नाही आणि क्षमा मागायलाही उशीर लागला. या शोधाची भाषा पळवाट म्हणून वापरणे अतिशय सोपे आहे, आणि मार्गदर्शकाने याबद्दल एका शब्दानेही आधी सांगितलेले नव्हते.

याहून गंभीर गोष्ट भीतीची आहे. सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी आरशात पाहताना चेहरा अनोळखी वाटला, सगळे जग काचेपलीकडे गेल्यासारखे झाले आणि पोटात खड्डा पडला. ‘ही भीती काय राखते आहे ते पाहा’ असे मला सांगण्यात आले. मी पाहिले, आणि त्या दिवशी त्याचा उपयोगही झाला. पण हा सल्ला सरसकट देण्यासारखा नाही. स्वतःपासून तुटल्यासारखे, सगळे खोटे असल्यासारखे वाटत राहणे हे वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेले लक्षणही आहे, आणि ‘मी’ सापडत नसल्याच्या मोकळेपणाशी त्याची गल्लत होऊ शकते. मला जो फरक जाणवला तो असा, की त्या संध्याकाळी आवाज, स्पर्श, माणसे सगळे दूर गेले होते, तर नळाच्या रात्री थेंब अगदी जवळ आला होता. ज्यांना पूर्वी असा त्रास झालेला आहे किंवा जे सध्या खचलेले आहेत, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. मार्गदर्शक चांगले असतात, निरपेक्षही असतात, पण ते डॉक्टर नसतात. मी त्यानंतर आठवडाभर संवाद थांबवला होता आणि तो निर्णय योग्य होता असे आजही वाटते.

पद्धतीबद्दलची माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. ‘स्वतः पाहून सांगा’ असे म्हणायचे, आणि ‘काहीतरी सापडले’ असे उत्तर आले की ‘पुन्हा नीट पाहा’ म्हणायचे. ‘सापडले नाही’ असे उत्तर आले की मात्र पुढचा प्रश्न. अशाने कोणत्या उत्तराला गुण मिळतात हे हुशार विद्यार्थ्याला आठवडाभरात कळते. शेवटच्या प्रश्नावलीत मी दोन उत्तरे आधी समोरच्याला रुचतील अशीच लिहिली होती. पाठवण्यापूर्वी ती खोडून पुन्हा लिहिली, हे सांगायला हरकत नाही. घेणारा कधीच सापडला नाही हे खरे होते, पण तो नसल्याची खात्रीही झालेली नव्हती, आणि मी तसेच कळवले. त्यावर दोन दिवसांनी उत्तर आले: “ठीक आहे. खात्री कुणाला हवी आहे, तेही जमल्यास पाहून घ्या.” आमचा नियमित संवाद तिथे थांबला.

ज्यांना सिद्धान्त हवा आहे त्यांना ही पद्धत कोरडी वाटेल, आणि ज्यांना आधार हवा आहे त्यांना ती निर्दयही वाटू शकते. रोज अर्धा तास शांतपणे लिहिण्याची तयारी असेल आणि शेवटी हाती काही लागले नाही तरी चालणार असेल, तर करून पाहायला हरकत नाही. फक्त मार्गदर्शक निवडताना तो ‘मला माहीत नाही’ हे वाक्य कधी वापरतो का, हे जरूर पाहावे. मी आता आठवड्यातून तीन-चार वेळा, दहा मिनिटे बसते. हातांचे सराव सोडून दिले आहेत. राग आला की तो आल्यावर लगेच नाही, पण ओसरत असताना, ‘मला’ हा शब्द नेमका कितव्या वाक्यात आला एवढेच मोजते. बहुतेक वेळा तो दुसऱ्या वाक्यात असतो. परवा ताईशी बोलताना मात्र पहिल्याच वाक्यात होता.