हातपंपाची पेशंट लिफ्ट: घ्या, पण आधी पलंगाखाली वाकून बघा

मराठवाड्यातल्या वृद्धाश्रमांना १५० किलो क्षमतेची ही हायड्रॉलिक लिफ्ट, म्हणजे माणसाला कापडी झोळीत घेऊन हातपंपाने उचलणारं चाकांचं यंत्र, बॅटरीवालीपेक्षा सोयीची आहे. लाइट गेली किंवा चार्जिंग विसरलं म्हणून काम अडत नाही. सत्तर किलोच्या आजोबांना दोन मावश्या कंबर न मोडता पलंगावरून व्हीलचेअरवर घेतात. दोघी मात्र हव्यातच. एक पंप मारते, दुसरी डोकं-पाय सांभाळते.

लिफ्टचे खालचे पाय चाकांसकट साडेचार इंच उंच आहेत, त्यामुळे बॉक्सच्या दिवाणाखाली ते जातच नाहीत. शहाबादी फरशीच्या सांध्यांत पुढची बारकी चाकं अडकतात, उंबऱ्याचं तर नावच नको. म्हणून माणूस लटकत असताना खोली ओलांडायची नाही, खुर्चीच पलंगाशी आणायची.

खरी मेख झोळीत आहे. तिच्या प्रत्येक पट्ट्याला हुकात अडकवायला आखूड-लांब, वेगवेगळ्या रंगांचे फास असतात. खांद्याचे पट्टे आखूड फासावर आणि पायाचे लांब फासावर अडकवले की माणूस बसता होतो; उलट केलं तर डोकं खाली जातं. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा फास हवा. मांडीखालचे पट्टे एकमेकांतून ओवून मगच हुकात घाला, नाहीतर गुडघे फाकतात आणि किरकोळ अंगाच्या आजी मधून निसटतात.

उचलण्याआधी लिफ्टचे पाय पूर्ण फाकवा. ब्रेक पलंगाला आणि खुर्चीला लावायचे, लिफ्टला नाही. भार येताना ती थोडी सरकून तोल साधते; चाकं जखडली तर कलंडायची भीती. "आजी, उचलतोय बरं का, हात छातीशी धरा" एवढं सांगून दोन-तीन इंच वर घ्या, थांबा आणि चारही फास हाताने चाचपा. उतरवताना पंपाचा नॉब अगदी हळू सोडायचा. झोळी ज्याला लटकते तो उचलून धरलेला दांडा आपोआप खाली येऊ लागला तर पंपातला व्हॉल्व्ह किंवा सील गेलं समजा आणि लिफ्ट बाजूला ठेवा.

तक्रार एकच: सोबत मध्यम मापाची एकच झोळी येते. धुवायला टाकली की काम ठप्प. दुसरी लगेच घ्या. ब्लीच, इस्त्री आणि एप्रिल-मेचं ऊन, तिन्ही टाळा. बसलेल्या माणसाखाली झोळी ठेवून देऊ नका, घामाने आणि चुण्यांनी कातडी सोलते. उसवलेली शिवण शिंप्याकडून मारून घ्यायची नाही. झोळी कात्रीने कापूनच टाका, नाहीतर कुणीतरी ती परत वापरतंच.